टरबुजावरील शेंडेमर : विषाणूचे गुणधर्म आणि त्याचा फैलाव

(शेतकी खात्याकडून)



खोडवा तुटून गेला की पुढच्या आडसाली लागणीपर्यंत रान चार-पाच महिने मोकळे राहते. या मोकळ्या रानात दोन-अडीच महिन्यांत पैसा देणारे पीक म्हणून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले पुष्कळ शेतकरी टरबूज, खरबूज घेतात. ठिबकची सोय असते, विहिरीचे पाणी मार्च-एप्रिलपर्यंत रेटते. पीक साधले तर पुढच्या उसाचे बेणे, खत आणि लागणीची मजुरी त्यातच निघून जाते. फसले तर मात्र नुसते टरबूज जात नाही. रोपे, मल्चिंगचा कागद, विद्राव्य खते, फवारण्या हा सगळा खर्च अंगावर येतो आणि त्याचे ओझे पुढच्या उसाच्या बिलावर पडते.

फसण्याची कारणे अनेक असतात. भाव पडतो, गारपीट होते, पाणी कमी पडते. ही कारणे आपल्या हातातली नाहीत. पण एक कारण असे आहे की, ते बरेचसे आपल्या हातात असूनही आपण त्यापुढे हात टेकतो. ते म्हणजे वेलाचा शेंडा आखडून करपण्याचा रोग. शेतकरी त्याला सरसकट 'व्हायरस आला' असे म्हणतात. शेतकी शास्त्रात याला शेंडेमर म्हणतात. व्हायरस आला की दुकान गाठायचे, सांगतील ती बाटली आणायची, चार दिवसांनी दुसरी आणायची, असा प्रकार चालतो. वेल काही सुधारत नाही आणि खर्च मात्र वाढत जातो.

म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. विषाणू शिरलेला वेल बरा करणारे औषध नाही. महाग बाटलीतही नाही आणि स्वस्त बाटलीतही नाही. पण हा विषाणू वेलापर्यंत ज्या वाटेने येतो ती वाट अडवता येते. त्यासाठी त्याचा स्वभाव आणि त्याचा वाहक नीट समजून घेतला पाहिजे. तेच या लेखात पाहू या.

रोग ओळखावा कसा?

पहिली खूण शेंड्याकडे दिसते. कोवळ्या पानांवर पिवळसर ठिपके किंवा चट्टे येतात आणि पाने आखूड होतात. दोन पेऱ्यांतले अंतर कमी होते. एरवी जमिनीवर पसरत जाणारा शेंडा ताठ होऊन वर उभा राहतो, आणि ही या रोगाची ठळक खूण आहे. पुढे वेलाच्या देठावर तपकिरी रेघा उमटतात आणि शेंडा काळपट पडून वाळतो. मागून फुटलेले फुटवेही तसेच मरतात. रोग पहिल्या महिन्यात आला तर फळ धरतच नाही. फळ धरल्यावर आला तर फळ लहान, वेडेवाकडे राहते, त्याच्या सालीवर डाग व वलये पडतात आणि व्यापारी ते वजनाला धरत नाही.

याच्याशी घोटाळा होऊ शकेल असे तीन-चार प्रकार आहेत. मर रोगात सगळा वेल दुपारी माना टाकतो आणि मूळ किंवा खोड चिरून पाहिले तर आतून तपकिरी दिसते. शेंडेमरीत मुळे पांढरी, निरोगी असतात. अन्नद्रव्य कमी पडले तर लक्षणे बहुतेक सगळ्या ओळींत सारखी दिसतात. विषाणू आधी इकडे एक, तिकडे दोन असा तुरळक दिसतो आणि मग वाढत जातो.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक घोटाळा हमखास होतो. शेजारच्या उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारलेले असते. वाऱ्याने त्याचे तुषार टरबुजावर येतात. टरबूज, काकडी, कापूस या पिकांना हे तणनाशक अगदी थोडेही सोसत नाही. पाने चिंचोळी होतात, शिरा एकवटतात, शेंडे पिळवटतात आणि पाहणारा म्हणतो व्हायरस आला. इथे ओळखण्याची खूण अशी : तणनाशकाचा झटका एकाच वेळी, एकाच बाजूने, म्हणजे उसाच्या बाजूच्या ओळींवर जास्त आणि पुढे कमी कमी असा दिसतो. आठ दिवसांनी तो आणखी पसरत नाही. म्हणून ऊस असलेल्या सभासदांनीही ध्यानात ठेवावे की, शेजारी टरबूज असेल तर वारा पडलेला असताना आणि नोझल खाली धरूनच फवारावे. तणनाशकाचा पंप टरबुजाला वापरू नये.

शंका राहिली तर कोवळ्या रोगट शेंड्याचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घालून थंड ठेवावा आणि त्याच दिवशी कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे दाखवावा. प्रयोगशाळेत विषाणूची खात्री करता येते.

हा विषाणू आहे तरी काय?

विषाणू म्हणजे जिवाणू नव्हे आणि बुरशीही नव्हे. जिवाणू व बुरशी यांना स्वतःचे शरीर असते, त्यांना मारणारी औषधे असतात. विषाणूला स्वतःचे असे काही नसते. थोडी आनुवंशिक द्रव्याची दोरी आणि तिच्याभोवती प्रथिनाचे वेष्टण, एवढाच त्याचा संसार. तो वेलाच्या पेशीत शिरतो आणि पेशीची सगळी यंत्रणा स्वतःच्या नकला काढण्यासाठी जुंपतो. पेशी आपली, अन्न आपले आणि पीक त्याचे! म्हणूनच त्याला मारायला जावे तर पेशीच मरते. उसाच्या मोझॅकवर आजवर कोणी फवारणीचे औषध दिले नाही, निरोगी बेणे वापरा असेच सांगितले, त्याचे कारणही हेच आहे.

टरबुजाच्या शेंडेमरीच्या विषाणूला इंग्रजीत वॉटरमेलन बड नेक्रोसिस व्हायरस असे नाव आहे. त्याचा कण गोलसर, ८० ते १२० नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे सुमारे दहा हजार कण एका ओळीत मांडले तर एक मिलिमीटर भरेल. कणाच्या आत आनुवंशिक द्रव्याचे तीन तुकडे असतात आणि बाहेरून स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. हे आवरण नाजूक असते आणि या विषाणूच्या पुष्कळशा गुणधर्मांचे मूळ त्यातच आहे.

विषाणूचा स्वभाव तपासण्याची शास्त्रज्ञांची जुनी रीत मोठी सोपी आहे. रोगट पानाचा रस काढायचा. तो किती उष्णतेला निकामी होतो, किती पाणी मिसळले तरी रोग देतो आणि बाटलीत किती काळ टिकतो, हे पाहायचे. काकडीवर्गात काकडीचा हिरवा ठिपक्या मोझॅक नावाचा एक विषाणू आहे. तो फार चिवट. त्याचा रस ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तरी तो तग धरतो, रसात महिनोन् महिने टिकतो, बियाण्याबरोबर जातो, विळ्याला आणि हाताला लागूनही पसरतो. शेंडेमरीचा विषाणू नेमका याच्या उलट आहे. झाडाबाहेर काढलेल्या रसात तो काही तासांतच निकामी होतो, साध्या उष्णतेलाही दम धरत नाही. प्रयोगशाळेत तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यायचा तर रस थंड ठेवून, त्यात संरक्षक द्रव्ये घालून घाईने न्यावा लागतो.

यातून आपल्या कामाचे काय निघते, ते पाहा.

एक, हा रोग ठिबकच्या पाण्यातून येत नाही. वरच्या शेतकऱ्याच्या पाण्याने माझे टरबूज गेले, अशी भांडणे झाली आहेत. त्यात तथ्य नाही.

दोन, तो मातीत राहत नाही. मागच्या वर्षी ज्या वावरात शेंडेमर होती त्या वावराची माती विटाळली, असे समजण्याचे कारण नाही.

तीन, तो बियाण्यातून येत असल्याचे आढळलेले नाही. म्हणून प्रत्येक वेळी बियाण्याच्या पाकिटाला दोष देणे बरोबर नाही. पण तयार रोपे आणली असतील तर गोष्ट वेगळी. रोपवाटिका उघडी असेल आणि तिच्या शेजारी रोगट वेल असतील, तर रोग रोपातून आपल्या दारी येऊ शकतो. रोप वरून हिरवेगार दिसते, कारण विषाणू शिरल्यावर लक्षणे दिसायला साधारण आठ-पंधरा दिवस जातात. लागवडीनंतर दहा-बारा दिवसांतच शेंडे आखडू लागले, तर लागण रोपवाटिकेत किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत झाली असे धरून चालावे.

हा विषाणू एवढा नाजूक, मग एवढे रान कसे उद्ध्वस्त करतो? त्याचे उत्तर त्याच्या वाहकात आहे.

वाहक : फुलकिडा

शेंडेमरीचा वाहक एकच, तो म्हणजे फुलकिडा. त्यातही थ्रिप्स पामी ही पिवळसर रंगाची जात. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की बारीक पिवळ्या रेघा चालताना दिसतात, तेच हे फुलकिडे. १९२५ साली सुमात्रा बेटावरच्या नमुन्यावरून या जातीचे वर्णन झाले. पुढे ही कीड जपानमध्ये १९७८ च्या सुमारास, हवाईमध्ये १९८२ साली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात पोहोचली. म्हणजे ही डोकेदुखी आपल्या एकट्याच्या वावरात नाही.

आपल्या देशात १९९० च्या सुमारास दक्षिणेकडे टरबुजात हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. १९९६ साली सिंग आणि कृष्णारेड्डी या शास्त्रज्ञांनी तो नवा विषाणूजन्य रोग म्हणून जगापुढे मांडला. त्यांनी नोंदवलेल्या प्रादुर्भावात ३९ ते १०० टक्के वेल रोगट होते आणि नुकसान ६० ते १०० टक्के होते. पुढच्या अभ्यासात दिसले की, हा विषाणू भुईमुगाच्या शेंडेमरीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या सभासदांना ती शेंडेमर चांगली माहीत आहे. दोन्ही विषाणू एकाच फुलकिड्याच्या पाठीवर बसून हिंडतात.

आता या फुलकिड्याची खोड नीट समजून घ्या. सगळा उपाय यावरच उभा आहे.

फुलकिड्याची मादी पानाच्या आत अंडी घालते. चार-पाच दिवसांत त्यातून पिले निघतात. पिलाला पंख नसतात. ते त्याच वेलावर आठवडाभर रस शोषते, मग खाली मातीत किंवा पाचोळ्यात उतरून कोषात जाते आणि पंख घेऊन बाहेर पडते. उन्हाळ्यात ही सगळी फेरी दोन-अडीच आठवड्यांत पुरी होते. म्हणजे आपल्या ६५-७० दिवसांच्या पिकात तीन-चार पिढ्या निघतात.

विषाणू घेण्याची ताकद फक्त लहान पिलात असते. पिलाने रोगट वेलाचा रस शोषला तर विषाणू त्याच्या पोटात जातो, अंगात वाढतो आणि लाळेपर्यंत पोहोचतो. पिलाला पंख फुटले की तो मरेपर्यंत, जिथे जाईल तिथे रोग पेरत जातो. पण मोठ्या झालेल्या निरोगी फुलकिड्याने रोगट वेल कितीही शोषला तरी तो रोग पसरवणारा होत नाही. आणि रोग पसरवणाऱ्या मादीच्या अंड्यातून विषाणू पिलात उतरत नाही. प्रत्येक पिढीला रोगट वेलावर जन्मूनच नव्याने विषाणू मिळवावा लागतो.

याचा अर्थ उघड आहे. रोगट वेल म्हणजे नुसता आजारी वेल नव्हे, तो रोग पसरवणाऱ्या फुलकिड्यांचा पाळणा आहे. पाळणा वेळेवर मोडला तर पुढची पिढी रिकाम्या हाताने उडते. तो तसाच ठेवला तर महिनाभरात तुमचेच रान तुम्हाला आणि शेजाऱ्याला रोग पुरवू लागते.

मावा वेगळा, फुलकिडा वेगळा

टरबूज-खरबुजात दुसरे विषाणूही येतात. काकडीचा मोझॅक, पपईच्या वलयी ठिपक्याच्या विषाणूचा काकडीवर्गीय प्रकार, झुकिनीचा पिवळा मोझॅक हे त्यातले मुख्य. यांत पाने फिकट-गर्द हिरवी, फोडांसारखी फुगलेली किंवा चिंध्यांसारखी चिंचोळी होतात आणि फळावर गाठी येतात. शेंडा मात्र सहसा करपत नाही. हे विषाणू मावा पसरवतो आणि त्याची रीत अगदी निराळी आहे.

मावा रोगट पानात सोंड टोचतो आणि काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो. पुढच्या वेलावर बसून टोचले की काही सेकंदांत तो तिथे उतरतो. थोड्या तासांत सोंड आपोआप स्वच्छ होते. मावा वेलावर वस्ती करतो असेही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत करडई व रब्बी ज्वारी वाळू लागली की पंखवाला मावा तिथून उठतो, वाटेत टरबुजावर बसतो, हे आपले अन्न आहे का म्हणून टोचून पाहतो आणि पुढे जातो. कीटकनाशक फवारलेले असले तरी मावा मरण्याआधीच विषाणू टोचून मोकळा झालेला असतो. म्हणून माव्याने येणाऱ्या विषाणूंत कीटकनाशकाचा उपयोग फार थोडा.

फुलकिड्याचे तसे नाही. त्याला रोग द्यायला काही वेळ पानावर बसून शोषावे लागते आणि त्याची पुढची पिढी आपल्याच रानात वाढते. त्यामुळे योग्य वेळी, विशेषतः पहिल्या महिन्यात, पिलांवर केलेल्या फवारणीचा काही फायदा होतो. पण तो वाहक कमी करण्यापुरताच. रोगट वेलाला त्याने काही फरक पडत नाही.

पूर्वी हा त्रास कमी का होता?

जाणती मंडळी विचारतात, "गोदावरीच्या आणि मांजरेच्या वाळूत आमच्या लहानपणी टरबुजाच्या वाड्या असायच्या. तेव्हा कुठे होता हा व्हायरस?" प्रश्न रास्त आहे.

वाळूतल्या वाडीला निसर्गाचीच एक शिस्त होती. पूर ओसरल्यावर सगळ्यांच्या वाड्या साधारण एकाच वेळी लागत आणि उन्हाळ्याअखेर एकाच वेळी संपत. पावसाळ्यात पूर येऊन पात्र धुऊन नेई. वेल, पाचोळा, काही उरत नसे. पुढच्या वाडीपर्यंत रोगाला राहायला घर नसे. आजूबाजूला वांगी-मिरचीचे मोठे फडही तेव्हा आजच्यासारखे नव्हते.

पुढे पात्रात बंधारे झाले, पाणी अडले, वाळूही उपसली गेली आणि टरबूज नदीतून वर काळ्या रानात आले. ठिबक व मल्चिंगमुळे ते नोव्हेंबरपासून मेपर्यंत केव्हाही लावता येऊ लागले. रमजानचा बाजार साधायचा म्हणूनही लागवडी पुढे-मागे होतात, कारण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. यात कोणाची चूक नाही, बाजार पाहूनच शेती करावी लागते. पण परिणाम असा झाला की, एकाचे टरबूज तोडणीला आलेले, त्याच्या बांधाला लागून दुसऱ्याचे दहा दिवसांचे रोप आणि तिसऱ्याचा फसलेला, सोडून दिलेला फड मध्येच उभा. आखाड्यावरच्या मांडवावर दोडका, कारले, दुधीचे वेल बारा महिने. शेजारी वांगी आणि मिरची, ज्यांवर हा फुलकिडा आवडीने पोसतो. पूर जे काम फुकट करून देत असे, ते आता आपल्याला ठरवून करावे लागणार आहे.

काय करावे?

१. जागा निवडताना शेजार पाहावा. जुन्या टरबूज-काकडीच्या फडाला, वांगी, मिरची किंवा भुईमुगाला लागून नवे टरबूज लावू नये. नाइलाज असेल तर जुना फड आधी मोडावा, मगच लावावे.

२. कडेने मका किंवा ज्वारीच्या तीन-चार दाट ओळी लावाव्यात, पण टरबुजाआधी दोन-तीन आठवडे. दोन्ही एकाच दिवशी लावले तर आडोसा होण्याआधीच वेळ निघून जाते. वाऱ्याच्या बाजूने ओळी जास्त घ्याव्यात.

३. रोपे बारीक जाळीच्या बंदिस्त रोपवाटिकेतली घ्यावीत. आणण्याआधी स्वतः जाऊन पाहावे. दार उघडे, जाळी फाटकी आणि भोवताली काकडीवर्गीय वेल, असे दिसले तर रोप कितीही स्वस्त असो, उचलू नये.

४. मल्चिंगचा कागद चंदेरी-काळा वापरावा आणि चंदेरी बाजू वर ठेवावी. त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने फुलकिडे व मावा गोंधळतात आणि वेलावर कमी उतरतात. वेल पसरून कागद झाकला गेला की हा फायदा संपतो, पण तोवर नाजूक काळ निघून गेलेला असतो.

५. लागवडीच्या दिवशीच बांबूच्या किंवा तारेच्या कमानी करून वरून पांढरे क्रॉप कव्हर टाकावे. कडा मातीने दाबाव्यात. मादी फुले दिसू लागली, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ते काढलेच पाहिजे, कारण मधमाशी आत गेली नाही तर फळ धरत नाही. खर्च वाढतो हे खरे. पण पहिले तीन आठवडे वेल झाकलेला राहिला तर रोग आलाच तरी उशिरा येतो आणि तोवर फळ धरलेले असते. फसलेल्या पिकावर आठ फवारण्या करण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

६. निळे व पिवळे चिकट सापळे लावावेत. त्याने रोग थांबतो असे समजू नये. कीड केव्हा आली, कोणत्या बाजूने आली, हे कळण्यासाठी ते आहेत.

७. दर तीन दिवसांनी सकाळी प्रत्येक ओळ चालून पाहावी. पहिल्या महिन्यात शेंडा ताठ झालेला, पिवळे चट्टे आलेला वेल दिसला की लगेच उपटावा. उपटून ओढत नेऊ नये, फुलकिडे वाटेत झटकले जातात. जागेवरच पिशवीत घालावा, तोंड बांधावे आणि वावराबाहेर खड्ड्यात पुरावा. बांधावर टाकून देऊ नये.

उपटायला जीव होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून हिशेब मांडून पाहू. पाच फूट बाय दीड फूट अंतरावर एकरात सुमारे ५,८०० वेल बसतात. पहिल्या पंधरवड्यात ६० वेल उपटले तर शंभरातला एक गेला. शेजारचे वेल ती जागा पसरून भरून काढतात. हेच ६० वेल ठेवले तर त्यांना फळ तर येणार नाहीच, वर प्रत्येकावर रोग पसरवणाऱ्या फुलकिड्यांची पिढी वाढेल.

८. कीटकनाशक कृषि विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावे. एकाच गटातले औषध पुन्हा पुन्हा मारू नये, कीड त्याला सरावते. चार औषधे एकत्र कालवून मारणे बंद करावे. फुलोऱ्यात फवारायचे झाले तर संध्याकाळी फवारावे, सकाळी मधमाश्या कामावर असतात. पीक हातचे गेल्यावर, फळधारणेआधीच अर्ध्याहून अधिक वेल करपल्यावर, फवारणीवर एक रुपयाही घालू नये.

९. शेंडेमरीला हमखास दाद देणार नाही असा वाण अजून शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. तसा दावा कोणी केला तर त्याच्याकडून लेखी घ्यावे.

शेजारधर्म

वर सांगितलेल्या नऊ गोष्टी एकट्याने करण्यासारख्या आहेत. दहावी मात्र एकट्याची नाही आणि तीच सर्वांत मोलाची आहे.

भाव पडला किंवा रोग आला की आपण टरबुजाचा फड तसाच सोडून देतो. पाणी बंद करतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. कधी मागची बारीक फळे निघतील, दोन पाट्या घरी होतील, म्हणून महिनाभर ठेवतो. तेवढ्या काळात फुलकिड्यांची दुसरी पिढी पंख घेऊन उठते आणि शेजाऱ्याच्या कोवळ्या वेलावर जाऊन बसते. आपण त्याला दगड मारला नाही, त्याचे पाणी तोडले नाही, तरी त्याचे पीक आपल्या बांधावरून गेले. उद्या हेच उलट्या बाजूने होते.

उसात आपण हे शिकलो आहोत. गवताळ वाढीची बेटे उपटून टाका, रोगट रानातले बेणे देऊ नका, हे आपण मान्य केले, कारण एकाच्या बेण्याने साऱ्या शिवाराचा ऊस बिघडतो. टरबुजात बेण्याच्या जागी फुलकिडा आहे, एवढाच फरक.

म्हणून सुचवावेसे वाटते की, ज्या गावात दहा-वीस शेतकरी टरबूज घेतात तिथे त्यांनी दिवाळीनंतर एकदा एकत्र बसावे. तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, शक्यतो पंधरा-वीस दिवसांच्या आत सगळ्यांनी लागवड उरकायची. दोन, शेवटची तोडणी झाली की आठ दिवसांत वेल उपटून, कागद गुंडाळून, रान नांगरायचे. तीन, कोणाचे पीक फसले तर ते मोडायला बाकीच्यांनी एक दिवस हात लावायचा. ज्याचे पीक बुडाले त्याच्याच खिशातून मजुरी काढायला लावू नये, कारण त्याचा फड मोडण्यात सगळ्यांचा फायदा आहे. उन्हाळी पिकानंतर निदान महिना-दीड महिना शिवारात काकडीवर्गातले एकही मोठे रान उभे नसेल, तर पूर जे करत होता त्यातले बरेचसे काम पार पडते.

आडसाली लागणीसाठी रान लवकर मोकळे करावेच लागते. ज्यांना जुलैत ऊस लावायचा आहे त्यांना हे नियम जड जाऊ नयेत. उलट मेअखेर रान मोकळे झाले तर हिरवळीचे खत पेरायला वेळ मिळतो आणि उसालाही ते मानवते.

टरबूज घेणाऱ्या सभासदांनी यंदा लागवडीआधी आपल्या गटातल्या शेतकी कर्मचाऱ्याशी बोलावे आणि शेजारच्या रानात काय उभे आहे हे स्वतः फिरून पाहावे. कागद अंथरण्याआधीची ही एक फेरी बिनखर्चाची आहे.